टक्केवारीबरोबर तिचे मागेपुढेही छापावे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून पाहण्यांच्या बातम्या येतात. अमुक टक्के शेतकरी समाधानी, तमुक टक्के नाराज, गेल्या वर्षीपेक्षा चार टक्क्यांनी वाढ. आकडा मथळ्यात ठळक असतो; मात्र किती जणांना विचारले, त्यांना कसे निवडले आणि तो आकडा किती मागेपुढे होऊ शकतो, हे बातमीच्या शेवटच्या ओळीतही बहुधा सापडत नाही. नोकरीची बरीच वर्षे पीक कापणी प्रयोगांच्या (शेतातला ठरावीक तुकडा कापून, वजन करून उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या) कामात गेल्यामुळे ही उणीव मला खटकते, म्हणून हे पत्र.

समजा, रावेर आणि यावल तालुक्यांतील ४०० केळी उत्पादकांना चिठ्ठ्या टाकून निवडले, ‘यंदा टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे लावली का?’ असे विचारले आणि ४६ टक्के ‘हो’ म्हणाले. हे ४६ टक्के त्या ४०० जणांचे झाले. दोन तालुक्यांतील सगळ्या उत्पादकांचा खरा आकडा त्याच्या आसपास असणार, आणि हे ‘आसपास’ म्हणजे किती, ते साध्या मोबाइलवरही काढता येते. ०.४६ ला उरलेल्या ०.५४ ने गुणावे, ४०० ने भागावे, वर्गमूळ काढावे आणि त्याला १.९६ ने गुणावे. उत्तर सुमारे ४.९ टक्के येते. म्हणजे पट्टा ४१.१ पासून ५०.९ पर्यंतचा. यालाच ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल म्हणतात. हीच पाहणी पुन्हा पुन्हा केली, तर शंभरातून सुमारे ९५ वेळा असा काढलेला पट्टा खऱ्या आकड्याला कवेत घेईल, एवढाच त्याचा अर्थ. भरवसा पद्धतीचा आहे, हाती आलेल्या एका पट्ट्याचा नव्हे. उत्पादक वीस हजार असोत की दोन लाख, ४०० च्या नमुन्याचा हा पट्टा जवळपास तेवढाच राहतो, हे अनेकांना पटत नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले केवढे आहे हे आपणही विचारत नाही.

आता मथळ्याकडे येऊ. गेल्या वर्षी वेगळ्या ४०० जणांत हेच प्रमाण ४२ टक्के होते असे धरले, तर ‘टिश्यूच्या लागवडीत चार टक्क्यांची वाढ’ असा मथळा सहज सुचेल. गृहीतक चाचणी इथे उलट बाजूने विचार करते. मुळात काहीच बदल झालेला नाही असे आधी गृहीत धरायचे, आणि तसे असताना निव्वळ निवडीच्या योगायोगाने चार टक्के किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा पडेल, ते मोजायचे. उत्तर सुमारे २५ टक्के येते, म्हणजे चारातून एकदा. इतक्या सहज पडणाऱ्या फरकावर मथळा उभा करू नये, असे माझे मत आहे. मात्र यावरून ‘वाढ झालीच नाही’ असेही म्हणता येत नाही. फरकाचा स्वतःचा अंतराल उणे २.९ पासून अधिक १०.९ टक्क्यांपर्यंत जातो, तेव्हा खरी वाढ दहा टक्के असू शकते आणि थोडी घटही असू शकते. ‘या पाहणीवरून सांगता येत नाही’ हे उत्तर कोणालाच आवडत नाही, पण या ठिकाणी तेच प्रामाणिक आहे. आणि ते २५ टक्के म्हणजे ‘बदल न झाल्याची शक्यता २५ टक्के’ असाही अर्थ कोणी काढू नये. ते वेगळेच विधान होईल.

एक चूक शिकलेली माणसेही करतात. दोन पट्टे एकमेकांवर चढले की फरक नाही, असे ती समजतात. वरच्याच उदाहरणात यंदाचा आकडा ५० टक्के आला असता, तर गेल्या वर्षीचा पट्टा ३७.२ ते ४६.८ आणि यंदाचा ४५.१ ते ५४.९ झाला असता. पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, तरीही असा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता जेमतेम २.३ टक्के ठरते. चाचणी फरकाचीच करावी लागते.

हे सगळे गणित चिठ्ठी खरोखर टाकली असेल तरच चालते, आणि माझा खरा मुद्दा हा आहे. प्रत्यक्षात ४०० शेतकरी बहुधा दहा गावांतून प्रत्येकी चाळीस असे घेतले जातात. एका गावातले शेतकरी रोपे एकाच ठिकाणाहून आणतात, एकमेकांचे पाहून लागवड करतात; त्यामुळे चाळीस उत्तरे ही चाळीस स्वतंत्र उत्तरे राहत नाहीत. गावातल्या गावात असलेला हा सारखेपणा (शून्य म्हणजे मुळीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.०५ इतका थोडा धरला, तरी ४०० जणांच्या नमुन्याचे वजन सुमारे १३६ जणांएवढेच उरते आणि ४.९ चे मागेपुढे ८.४ टक्क्यांवर जाते.

त्याहून अवघड गोष्ट मी बांधावर पाहिली. कापणी प्रयोगात शेताच्या कोपऱ्यापासून किती पावले जायचे, हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठीसारख्या योगायोगाने निघालेल्या आकड्यांवरून ठरते. तेथे खुंटी ठोकायला वाकलो, की मालक म्हणायचा, ‘तठे काय शे भाऊ, आठे मोजा ना!’ आणि हात चांगल्या पिकाकडे असायचा. पुढे नुकसानभरपाईचा हिशेब याच मोजणीवर होऊ लागल्यावर हात वाळलेल्या भागाकडे वळला. दोन्ही वेळा त्याचे ऐकले असते, तर हजार प्रयोग करूनही उत्तर चुकलेच असते, फक्त पट्टा अरुंद दिसला असता. सातारा जिल्ह्यात जन्मलेले सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे हे येर्झी नेमन यांच्याकडे लंडनला शिकले. विश्वास अंतरालाचा सिद्धांत नेमन यांनी १९३७ साली सविस्तर मांडला. त्याच सुखात्मे यांनी पुढे दाखवून दिले, की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते. असा कल कोणताही अंतराल दाखवत नाही. मोबाइलवर फिरवलेल्या मतचाचणीत ज्यांना वाटले त्यांनीच उत्तर दिलेले असते. तिथे तर अंतराल छापणेच दिशाभूल करणारे ठरेल.

सरकारी आकडेवारीत ही काळजी घेतलेली असते, पण बातमी होताना ती गळते. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रिका पाहाव्यात. जळगाव, धुळे, नंदुरबार यांच्या पत्रिकांना नियम एकच आहे: आकडा २५ ते ४९ नोंदींवरच आधारलेला असेल तर तो कंसात छापतात, आणि २५ पेक्षा कमी नोंदी असतील तर आकडा न देता तारा टाकतात. वृत्तपत्रात येताना तो कंस नाहीसा होतो आणि तीस-चाळीस नोंदींवरचा आकडा नंदुरबार किंवा धुळ्याचे पक्के वास्तव म्हणून वाचला जातो.

माझी विनंती एवढीच, की यापुढे पाहणीच्या प्रत्येक बातमीखाली एक ओळ द्यावी: किती जणांना विचारले, किती गावांतून व कशा पद्धतीने निवडले, आणि आकड्याचे मागेपुढे किती. माहिती देणाऱ्या संस्थेने ही तीन उत्तरे दिली नाहीत, तर ‘संस्थेने ही माहिती दिलेली नाही’ असे छापावे. सरकारी पत्रिकेतला कंस मात्र जसाच्या तसा ठेवावा.

कळावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सांख्यिकी कर्मचारी
चोपडा, जि. जळगाव