तो पॉज नव्हता रे

दत्त्या,

आधी दोन शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तुझे तीन व्हॉइस मेसेज आठ महिने तसेच पडून आहेत, अप्पांच्या वर्षश्राद्धाला साधा फोनसुद्धा केला नाही मी. कारणं सांगत नाही, माझी कारणं तुला पाठ आहेत. तब्येत ठीक, शुगर जरा वर, आईचा गुडघा जिथे होता तिथेच. झालं.

आता ऐक. परवा जत्रेच्या नाटकात मी ब्लँक झालो.

अडखळलो नाही, ब्लँक. तिसरा अंक, तेच भाषण, ज्याच्यासाठी मास्तर आपल्याला देवळाच्या अग्रशाळेत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसवायचे आणि तू खांबाला टेकून, पेंगत पेंगत, माझ्या आधी पुढचा शब्द म्हणायचास. यंदा पोरांनी तेच नाटक काढलं. मी घरीच होतो (मालिकेत मेलोय, ते सांगतो), म्हणाले दादा तुम्हीच करा, तुमचं नाव टाकलं की फोंड्याहून पण लोक येतील. मी फुशारलो. तालमी किती केल्या विचारशील तर चार. चारही वेळा हातात वही होती आणि मी म्हणत होतो की रात्री होतंय रे, लाइट पडली की येतं आपोआप.

नाही आलं. रात्रीचा दीड वाजलेला, मागच्या रांगेत लोक शाली पांघरून बसलेले, बाहेर खाजेवाल्यांच्या पेट्रोमॅक्सचा तो आवाज. समोरचा पोरगा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याने वाक्य टाकलं आणि थांबला. मी तोंड उघडलं तर आत काही नाही. मग माझ्या अंगाने काय केलं माहितेय? मान पंचेचाळीस अंशात डावीकडे वळवली, उजवी भुवई सावकाश वर नेली आणि होल्ड केलं. एपिसोडच्या शेवटी करतो ना, ढँण ढँण ढँण वाजतं तेव्हा, तस्संच. आणि देवाशप्पथ सांगतो, मी 'कट'ची वाट बघत होतो. कान विंगेकडे नव्हतेच, कॅमेऱ्याशेजारी असिस्टंट उभा असतो ना, त्या बाजूला होते.

विंगेत प्रॉम्प्टर होता, नाही असं नाही. अठरा वर्षांचं पोर, हातात मोबाइल, त्यात वहीच्या पानांचे फोटो. नंतर म्हणतो, "सर, मला वाटलं तुम्ही पॉज घेताय."

आणि गंमत ऐक, टाळ्या पडल्या रे! शिट्ट्या! प्रवेश संपायच्या आधीच माइकवर पुकारलं, आपल्या दादांच्या अभिनयासाठी वरच्या वाड्याकडून रुपये ५०१. शेवटी समोरच्या त्या पोरानेच माझं भाषण प्रश्न करून स्वतःच म्हटलं, "तुम्हाला असंच म्हणायचं आहे ना महाराज?" मग कुठे माझी गाडी सुरू झाली. नाटक संपल्यावर तोच येऊन पाया पडला, सर तुम्ही मला स्पेस दिलीत. काय बोलू त्याला? आशीर्वाद दिला आणि गप मेकअप पुसत बसलो. आई म्हणाली छान झालं. बायकोने व्हिडिओ स्टेटसला ठेवला. तो पॉज नव्हता हे या गावात एकालाही कळलं नाही, तू असतास तर विंगेतूनच फिस्सकन हसला असतास. म्हणून तुला लिहितोय.

आता मेलो कसा ते. टीआरपी गुरुवारी येतो, सलग पाच-सहा गुरुवार आम्ही घसरलो, मग चॅनलवाले म्हणाले मोठा धक्का हवा. धाकट्या काकांची गाडी घाटात कोसळली. अकरा दिवस कोमा. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले, एसी फुल, सकाळी सातचा कॉल टाइम, दुसऱ्या दिवशी मी खरोखर झोपलो आणि सूनबाईचा रडण्याचा क्लोजअप चालू असताना घोरलो. साउंडवाला अजून ती क्लिप लोकांना ऐकवतो. मग गेलो. माझ्या लूक टेस्टचाच फोटो मोठा करून चंदनाचा हार घालून दिवाणखान्यात लावला, अजून प्रत्येक सीनमध्ये मागे मी हसतोय. त्याचे पैसे मिळत नाहीत, विचारलं होतं! आई बघत नव्हती त्या आठवड्यात म्हणून वाचलो असं वाटलं, तर शेजारणीने येऊन सांगितलंच. मग रात्री फोन, "जिवंत मनशाच्या फोटयाक हार घालतात रे ते?" गोव्यात पाय ठेवला त्या संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, ठसक्याने घर रिकामं झालं.

तिचं बरोबरच आहे म्हणा. २०२१ आठवतंय? एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि बऱ्याच मालिका गोव्यात आल्या, आमची पण. एवढी वर्षं मला गोव्यात शूटिंग करायची हौस होती, ती अशी फिटली. बायो-बबल म्हणून रिसॉर्टच्या बाहेर पडायचं नाही, घर वीस किलोमीटरवर आणि मी गेटच्या आत. आई भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून डबा घेऊन आली, सुंगटांची (कोळंबीची) आमटी आणि तळलेले मोडसो, वॉचमनने डब्यावर सॅनिटायझर मारला. ती गेटच्या पलीकडून म्हणाली, टीव्हीत दिसतोस त्यापेक्षा बारीक झालायस. मेच्या पहिल्या आठवड्यात गोव्याने पण परवानगी काढून घेतली, सामान भरून परत. तेव्हा पण तुला फोन केला नव्हता. यादी करत असशील तर तेही लिही.

मूळ मुद्द्यावर येतो. मला वाटत होतं सवय गेलीय, येईल परत. अठरा वर्षं झाली, सीनचा कागद प्रिंटरमधून गरम गरम हातात येतो, मेकअप करता करता दोनदा नजर टाकायची, मास्टर शॉट घेताना असिस्टंट बाजूने वाक्य टाकतो आपण ते झेलायचं, क्लोजला तर अर्धं अर्धं वाक्य, चुकलं तर 'दादा तिथूनच घेऊ'. दिवसाला एपिसोडभर माल निघायला हवा, म्हणजे बावीस मिनिटं, पाठांतर करत बसलो तर बाकीचं युनिट मला खाईल. आणि पॅकअप झालं की सगळं साफ, अळवावरचं पाणी. मी चांगला आहे त्यात, ते पण सांगतो, तीन भाषांत रडू शकतो, ग्लिसरीनशिवाय.

पण त्या रात्रीपासून दुसरंच डोक्यात घुसलंय. दत्त्या, खरं सांग. मला कधी पाठ असायचं का? की तूच होतास सगळं? आठवून बघतो तर प्रत्येक नाटकात विंगेत तू दिसतोस. कला अकादमीच्या स्पर्धेत मला अभिनयाचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा पण. प्रॉम्प्टरला बक्षीस नसतंच, आणि तू म्हणाला होतास नको मला, चहा पाज. मी विसरायच्या आधीच तुला कळायचं मी विसरणार आहे. आता वाटतं की मी विसरायला शिकलोच तुझ्या जिवावर.

वाईट ह्याचं की उद्घाटनाला पंचांनी दरवर्षीसारखे दीनानाथ काढले. मंगेशीचा माणूस, १९१८ साली बळवंत संगीत मंडळी उभी केली, रात्रभर नाटकं चालायची आणि रात्रभर गायचे, ही आपली माती, आणि आज त्याच मातीतले आपले... करून मला उभं केलं, शाल, नारळ. तीन तासांनी त्याच शालीचा मानकरी भुवई वर करून उभा!

दुसऱ्या दिवशी सकाळी गरी घेऊन मानशीवर, खाडीच्या बांधातल्या त्या पाण्याच्या दारावर, गेलो. (मध्ये एका मुलाखतीत छंद विचारले तर मी वाचन आणि प्रवास सांगितलं. पीआरवाली म्हणाली मासे नको, व्हेज प्रेक्षक दुखावतात.) भरती लागायची होती, बांधावर फक्त तो म्हातारा, तोच, आपल्याला कालवं काढताना हाकलायचा तो. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तूं मेलो न्हय रे?" म्हटलं मेलो, पण सुट्टी मिळालीय. पुढे बोलला नाही. मी सुंगट लावून दोर टाकला, बोटावर दोर आणि पाणी नुसतं दाराच्या फळ्यांतून झिरपतंय, आणि अचानक ते भाषण आलं. पहिल्या शब्दापासून, मास्तरांच्या हेलासकट, मधला तो संस्कृत श्लोकसुद्धा. मोठ्याने म्हणत सुटलो. अर्ध्यावर म्हातारा खेकसला, हळू बोल, मासे पळतात. चोणक लागला होता एक, किलोभराचा तरी, दोर तोडून गेला. श्लोकाच्या नादात.

म्हणजे आहे आत कुठेतरी. की तेही तुझ्याच आवाजात होतं? मला नीट सांगता येत नाही.

आणि हे सगळं आत्ताच का, तर दोन फोन आलेत. एक ईपीचा, मालिकेच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा. दादा, ट्रॅक परत उघडतोय, काकांचा जुळा भाऊ, मिशी लावू. पर डे तोच, महिन्याला पंधरा दिवस गॅरंटी, पेमेंट नेहमीसारखं नव्वद दिवसांनी. दुसरा नाटकाचा. दोनच पात्रं, दोन तास, मी जवळजवळ एक्झिट घेतच नाही. नाइट (एका प्रयोगाचे पैसे) सांगितली ती ऐकून बायकोने फक्त 'बरं' म्हटलं, तो बरं तुला माहितेय. फ्लॅटचे हप्ते आहेत, लेकीचं कॉलेज आहे. पण पैशाचं मी निभावेन रे, अठरा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय की मालिका सुटली की नाटक करणार. आता सुटलीय तर मिशी बरी वाटायला लागलीय. गुरुवारपर्यंत कळवायचंय दोघांना.

तुझं काय? मस्कतचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं ना? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ते आईकडून कळलं. चिंगी यंदा दहावी ना, की बारावी? ओरडू नकोस.

काम सांगतो. त्या नवीन नाटकाची पीडीएफ पाठवलीय. बुधवारी रात्री, तुझे साडेनऊ म्हणजे आमचे अकरा, फोन लावतो आणि पहिला अंक म्हणतो. तू कागद समोर ठेवून बस. अडलो तर शब्द द्यायचा नाही. कितीही वेळ गेला तरी नाही, आणि मी आई-बाबांची शपथ घातली तरी नाही. जमेल तुला? मला वाटतं माझ्यापेक्षा तुलाच कठीण जाणार आहे.

आणि ते ५०१. आईने देवापुढे ठेवलेत, त्यातले निम्मे तुझे, २५० रुपये ५० पैसे. १९९६ चे ते ५१ पण काढतोय आता, ज्यावरून तू चार महिने बोलला नव्हतास. वाक्य तुझं होतं, मी फक्त मोठ्याने म्हटलं, कबूल. त्याचे २५.५०. एकूण २७६. जीपे करू की डिसेंबरात येऊन घेणार? व्याज मागू नकोस.

तुझा,
बाबल्या

ता.क. आई म्हणते दत्त्याला सांग येताना खजूर आण, पण मागच्यासारखा ओला नको.