पूर्वीही असाच पडायचा, म्हणजे नक्की कधी?

संपादकसाहेब, नमस्कार.

दरवर्षी मुंबई तुंबली की तुमच्याकडे एक पत्र हमखास छापून येतं, पाऊस पूर्वीही असाच पडायचा, उगाच क्लायमेट चेंजचं काय घेऊन बसलात. अहो पण पूर्वी म्हणजे कधी? कुलाब्याची वेधशाळाच 1826 ची, म्हणजे कितीही ताणलं तरी दोनशे वर्षं.

त्याच्या मागचं बघायला समुद्राच्या तळाचा गाळ काढतात. 2015 ला जॉइडेस रेझोल्यूशन नावाचं ड्रिलिंगचं जहाज अरबी समुद्रात, आपल्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर लक्ष्मी बेसिनमध्ये होतं, साडेतीन किलोमीटरहून खोल पाणी आणि त्याखाली तळात अकराशे मीटर भोक पाडून गाळाचे कोअर, म्हणजे नळीत भरून आलेले लांबलचक दंडगोल, काढले, मान्सूनचा आणि हिमालयाच्या झिजेचा इतिहास शोधायला. मे अखेरीस ते जहाज थांबलं कुठे, तर मुंबईत! आपल्यापैकी किती जणांना पत्ता होता?

हा कोअर काकडीसारखा उभा चिरतात, अर्धा जपून ठेवतात, अर्ध्यातून नमुने घेतात. त्यात वाळूच्या कणाएवढे फोरॅमिनिफेरा नावाच्या जीवांचे शंख असतात. पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये हलका आणि जड असे प्रकार असतात; बर्फ वाढला की हलका ऑक्सिजन बर्फात अडकतो, समुद्रात जड उरतो आणि तो शंखात उतरतो, त्यावरून हिमयुगं कळतात. 20 हजार वर्षांपूर्वी समुद्र 120 मीटर खाली होता, आज बॉम्बे हायचे प्लॅटफॉर्म उभे आहेत तिथे तेव्हा चक्क कोरडी जमीन! यातलीच ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात नैऋत्येचा वारा जोरात असला आणि खालचं थंड पाणी वर आलं की फोफावते, म्हणून ओमानच्या बाजूच्या गाळात ती मोजून वाऱ्याचा जोर काढतात.

आता हेही सांगतो, नाहीतर उद्या कोणी उलटं पत्र लिहील, की यातून कळतो तो वारा, मुंबईतला पाऊस नाही, आणि खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटरच गाळ साचतो त्यामुळे 26 जुलैचे 944 मिलिमीटर त्यात शोधायला जाऊ नये. पण 'पूर्वी' हा शब्द वापरायचा असेल तर हजारो वर्षांचा हिशोब तिथेच आहे, आजोबांच्या आठवणीत नाही.

तेव्हा यंदाच्या पावसाळी पुरवणीत नालेसफाईचे टक्के थोडे कमी करून अर्धं पान याला द्या की. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुख्यालय गोव्यात असलं तरी एक केंद्र अंधेरीत चार बंगल्याला आहे, वार्ताहराला गोव्याला पाठवायचाही खर्च नाही.

— एक नियमित वाचक, मुलुंड