इंटर्नशिपचे वर्ष वाचवा

‘नेक्स्ट परीक्षेची घाई नको’ असे मांडणारा लेख वाचला. तो पटला नाही. एमबीबीएसची अंतिम परीक्षा, डॉक्टरीचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या तिन्हींसाठी एकच असलेली, २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील ही परीक्षा २०२३मध्ये लांबणीवर पडली आणि नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी एमबीबीएसच्या इंटर्नशिपचे वर्ष गिळतच राहिली. माझी मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात टेबलाखाली मोबाइल धरून प्रश्नसंच सोडवत असे. समोर आजी सुजलेली पावले दाखवत बसलेल्या. पायावर बोट दाबून, खळगा किती वेळ राहतो हे पाहायला पर्यायांतून उत्तर निवडण्याचा सराव उपयोगाचा नाही. उद्या जनरल प्रॅक्टिस करताना रोज हेच करायचे आहे. ‘नेक्स्ट’च्या नियमांत पदव्युत्तर प्रवेश ठरवणारा लेखी टप्पा इंटर्नशिपआधी, प्रात्यक्षिक नंतर आहे. आयोगाने निदान हा क्रम तरी लवकर लागू करावा.

– एक पालक, सातारा