४८९ मॅच जिंकल्या, पण प्रॅक्टिसला कुणाला पाडू दिलं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून बॉल हातात घेऊन पळायचा) कोच लोकांच्या पगारावर तुमच्या खेळाच्या पानावर लेख आला होता तो वाचला. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीने २०२३ मध्ये आपला कोच जिम्बो फिशर याला काढलं आणि नुसतं घरी बसवायचे साडेसात कोटी डॉलरच्या वर कबूल केले, म्हणजे आपले सहाशे कोटी, हे सगळं बरोबर आहे. पण पुढे लिहिलंय की हे कोच पोरांना रगडून रगडून लोखंडासारखं बनवतात म्हणून ते जिंकतात, तिथे मात्र राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो.

कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त मॅच कोणी जिंकल्या माहितीये का? जॉन गलार्डी. ४८९ जिंकल्या, १३८ हरला, ११ बरोबरीत. मी राहतो त्या सेंट पॉलपासून गाडीने दीडेक तासावर कॉलेजव्हिल म्हणून गाव आहे, तिथे बेनेडिक्टाइन साधूंचं सेंट जॉन्स नावाचं कॉलेज आहे, तिथे हा माणूस १९५३ ते २०१२ असे तब्बल ६० सीझन कोच होता, त्याआधी मोंटानातल्या कॅरोल कॉलेजात चार. आणि या बाबाच्या प्रॅक्टिसमध्ये टॅकल बंद! म्हणजे समोरच्याला धरून आडवं करायचं, जो या खेळाचा अर्धा जीव आहे, तेच सोमवार ते शुक्रवार करायचं नाही. शिट्टी नाही, जोर-बैठका नाहीत, मैदानाला राउंड नाहीत, दीड तासाच्या वर प्रॅक्टिस नाही, फार ऊन किंवा डास असले तर तीही नाही. टीममधून कुणाला काढायचं नाही, त्यामुळे दीडशेच्या वर पोरं. त्याला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. वॉर्मअपमध्ये म्हणे गवतावर उताणं पडून शेजारच्याला सांगायचं की आज काय मस्त दिवस आहे.

हे खूळ आलं कुठून तर १९४३ मधून. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावच्या शाळेत हा खेळत होता, कोचला लष्कराचं बोलावणं आलं, शाळा टीमच बंद करायला निघाली तर हा १६ वर्षांचा पोरगा म्हणाला मी बघतो. आणि बघतो म्हणजे काय, तर जुन्या कोचच्या ज्या ज्या गोष्टींचा त्याला वैताग होता त्या एकेक करून काढून टाकल्या. प्रॅक्टिसला पाणी प्यायचं नाही हा त्यातलाच एक नियम, पाणी प्यायलं की पोरं कमजोर होतात म्हणे (आमच्या पीटीच्या सरांचंही अगदी हेच मत होतं, कुठल्या शाळेत होते ते जाऊ दे). पाणी सुरू केलं, राउंड बंद केले आणि टीम जिंकायला लागली. मग परत सुरू कशाला करेल तो?

आता तुम्ही म्हणाल टॅकल न करता शनिवारी मॅचमध्ये टॅकल जमणार कसं. तर त्याचं गणित असं होतं की पाडणं ही शेवटच्या सेकंदाची गोष्ट आहे, खरं काम त्याच्या आधीचं, बॉल कुठे चाललाय ते ओळखायचं आणि तिथे वेळेवर पोचायचं, म्हणून तेच तेच प्ले, म्हणजे ठरवलेल्या चाली, हाफ पँटमध्ये परत परत, चुकले की परत. आणि आठवडाभर कुणाचा गुडघा खांदा गेला नाही की शनिवारी अख्खी टीम ताजीतवानी. १९९३ मध्ये यांनी मॅचला सरासरी ६१.५ पॉइंट केले, हा एनसीएएचा, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचा, रेकॉर्ड आहे. २००३ मध्ये एडी रॉबिन्सन या कोचचा ४०८ विजयांचा रेकॉर्ड मोडला तेव्हा गलार्डी ७७ वर्षांचा होता, आणि त्याच सीझनच्या फायनलला माउंट युनियनला २४-६ ने हरवलं, जी टीम त्याआधी ओळीने ५५ मॅच जिंकून आली होती! ती त्याची चौथी नॅशनल चॅम्पियनशिप.

खोट काढायची तर काढता येते. सेंट जॉन्स डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या गटात, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, समोरचेही छोट्या कॉलेजातलेच, अलाबामासारख्या बड्या युनिव्हर्सिटीच्या टीमशी गाठ कधी पडली नाही. शेवटची दोन वर्षं तर साधारणच गेली, ६-४ आणि ५-५. मान्य. पण मग डार्टमथ कॉलेजचं काय करायचं? ती टीम २००८ मध्ये दहाच्या दहा मॅच हरली होती, २०१० मध्ये त्यांचा कोच बडी टीव्हन्स याने तिथे प्रॅक्टिसमधलं टॅकल बंद केलं, डोक्याला मार बसून पुढे पोरांच्या मेंदूची वाट लागते म्हणून, आणि पाडायला रिमोटवर पळणारा बाहुला आणला. सगळे हसले असतील, पण २०१५ मध्ये तीच टीम आयव्ही लीगची (हार्वर्ड वगैरे आठ जुन्या युनिव्हर्सिट्यांची लीग) जॉइंट चॅम्पियन आणि पुढच्या वर्षी अख्ख्या लीगने सीझनमधल्या प्रॅक्टिसला टॅकल बंद केलं.

तुमच्या लेखातल्या कडक शिस्तीचा दुसरा नमुना पण सांगतो. मे २०१८ मध्ये मेरीलँड युनिव्हर्सिटीत १९ वर्षांचा एक खेळाडू पळापळीच्या ट्रेनिंगमध्ये उष्माघाताने कोसळला, वेळेवर थंड पाण्यात ठेवलं नाही आणि जूनमध्ये गेला. चौकशी झाली, कोचला ऑक्टोबरच्या शेवटी परत कामावर घेतलं, ओरडा झाला तेव्हा दुसऱ्या दिवशी काढलं. त्याच ऑक्टोबरमध्ये गलार्डी ९१ व्या वर्षी वारला, आणि पगाराच्या यादीत त्याचं नाव कधीच वर नव्हतं म्हणून तुमच्या लेखात तो कुठेच नाही.

तर पुढच्या वेळी अमेरिकन कोचवर पान काढाल तेव्हा यालाही थोडी जागा द्या. आणि हो, त्या लेखासोबत छापलेला फोटो रग्बीचा होता, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तेवढं बघा.

आपला,
एक वाचक, सेंट पॉल, मिनेसोटा