सुरूर फाट्यावरच्या त्या दोघांना, मनापासून थँक्यू

परवा रविवारी दुपारी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढून उतरलो, सुरूर फाट्याला चहाला म्हणून गाडी बंद केली आणि मग काय, चालूच होईना. कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी, वडिलांच्या वेळची. सेल्फ मस्त फिरतोय, बॅटरी टकाटक, पण इंजिन पकडतच नाही. हे असं गरम झाल्यावरच होतं, अर्धा तास थांबलं की गुपचूप चालू, त्यामुळे आजवर कुठल्याच गॅरेजला सापडलं नाही, तिथं नेईपर्यंत ती गार झालेली असते!

मी पाण्याची बाटली फ्युएल पंपावर ओतत बसलो होतो, कारण उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होते आणि ते इंजिनपर्यंत पोचत नाही असं सगळेच सांगतात. तेवढ्यात उसाच्या ट्रकवाले एक काका आले, म्हणाले, "आधी करंट येतोय का बघितलं का?" प्लग काढून वायरीला लावला, इंजिनच्या लोखंडाला टेकवला, सोबतच्या पोराने सेल्फ मारला. ठिणगीच नाही. प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या कॉईलला हात लावला तर चटकाच बसला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल भिजवून कॉईलभोवती गुंडाळला, दहाएक मिनिटांनी परत बघितलं तर निळी ठिणगी, टक टक. आतली वायर तापली की तुटते, गार झाली की परत चिकटते म्हणे.

पैसे घेतले नाहीत, चहाचे पण त्यांनीच दिले. नाव विचारायचं राहिलं राव. काका, कॉईल बदलली, तुमचा टॉवेल मात्र माझ्याकडंच राहिलाय.