अर्धा तास, एक पुस्तक, एक पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या एप्रिलपासून पहिलीच्या लेकरांना तिसरी भाषा असावी का, यावरून राज्यात मोठा वाद झाला आणि २९ जूनला शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचे आपले निर्णय मागे घेतले. त्या दिवसांत आपल्या पानावर आलेली पत्रं मी रोज वाचत होते. भाषा किती आणि कोणत्या, यावर सगळेच लिहीत होते. सहा वर्षांच्या लेकराला एकच भाषा शिकवायची झाली, तरी ती दिवसाला किती आणि कशी शिकवावी, यावर मात्र काही वाचायला मिळालं नाही. तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

आम्ही गंगाखेड तालुक्यात, गोदावरीपासून जवळ, आखाड्यावर म्हणजे शेतातल्या घरात राहतो. माझा मुलगा आता सात वर्षांचा होईल. पाच वर्षांचा असताना त्याला गाडीने तालुक्याला एका इंग्रजी शाळेत धाडत होतो. त्याच्या दप्तरात नुसत्या भाषेची सहा पुस्तकं होती: अक्षरलेखन, शुद्धलेखन, चित्रवर्णन, फोनिक्स, राइम्स आणि कर्सिव्ह. दिवाळीनंतर रोज सकाळी त्याचं पोट दुखू लागलं. सुट्टीच्या दिवशी दुखत नव्हतं. जानेवारीत आम्ही त्याला घरी ठेवलं.

घरी ठेवल्यावर मी पहिली चूक केली ती अशी, की तीच शाळा घरात मांडली. परभणीहून आणखी चार वर्कबुकं आणली. भिंतीवर तक्ता लावला आणि अ पासून ज्ञ पर्यंत रोज घोकून घेऊ लागले. एक दिवस तो 'ङ' गिरवत होता. गिरवता गिरवता त्याने विचारलं, "माय, हे कोणत्या शब्दात असतंय?" मला एकही शब्द सांगता आला नाही. जे अक्षर माझ्या लेकराला वर्षभरात एकदाही वाचायला लागणार नव्हतं, त्यापायी मी त्याला रडवत होते. त्याच दिवशी तक्ता काढला आणि वर्कबुकं माळवदावरच्या, म्हणजे मातीच्या सपाट छतावरच्या, पेटीत टाकली.

मग अगदी थोडी अक्षरं घेतली. म, क, ग, ब, ल, य, र, एवढीच, आणि त्यांना काना. तेवढ्यात मका, गाय, बाबा, काका, मामा असे त्याच्या ओळखीचे शब्द झाले. आमच्या लहानपणी पाटीवर ग म भ न का गिरवून घ्यायचे, ते मला आत्ता उमगलं. या अक्षरांचं वळण एकमेकांजवळचं आहे, हात एकदा बसला की पुढचं अक्षर सोपं जातं. काना पक्का झाल्यावर वेलांट्या, मग उकार. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. डब्यांवर चहा, साखर, मीठ लिहून चिकटवलं. आपला पेपर आमच्याकडे दूधवाल्याबरोबर दुपारी येतो. त्यातल्या मथळ्यांमध्ये त्या आठवड्याचं अक्षर शोधून लाल पेन्सिलीने गोल करणं, हा त्याचा अजूनही सगळ्यात आवडता अभ्यास आहे.

आता रोजचं सांगते. अर्धा तास, त्याहून जास्त नाही. बालभारतीचं एकच पुस्तक. ते नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतं. त्यातलं अर्धं पान तो वाचतो. मग मी एक गोष्ट वाचते किंवा सांगते आणि ती तो आपल्या शब्दांत परत सांगतो. शेवटी त्याला आवडलेली एक ओळ पाटीवर बघून लिहितो. शनिवारी त्यातलीच एक ओळ मी तोंडी सांगते आणि तो न बघता लिहितो. व्याकरण अजून एक शब्दही शिकवलेलं नाही. शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत. त्यातला एकच सांगितलाय, की मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ असतो. पाणी, गाडी, वाळू, लिंबू. एवढ्या एका नियमावर त्याच्या बऱ्याच चुका आपोआप गेल्या.

गोष्ट परत सांगण्यात काय ताकद आहे, हे मी सप्टेंबरच्या पुरात पाहिलं. आमचं सोयाबीन पाण्यात होतं. आखाड्याच्या खालच्या अंगाला चार दिवस नुसतं पाणी दिसत होतं. त्या आठवड्यात चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. त्याने परत सांगितली ती अशी: "कावळ्याचं घर गोदामायच्या पाण्यात गेलं. तो चिमणीकडं गेला. चिमणीच्या घरात बी पाणी आलतं. मग दोघं आमच्या माळवदावर बसले." मी ती जशीच्या तशी वहीत उतरवली. दुसऱ्या दिवशी तीच त्याच्यापुढे ठेवली, तर अडखळत का होईना, त्याने सबंध वाचली, कारण शब्द त्याचेच होते. पहिल्यांदा सलग चार वाक्यं वाचली ती त्या दिवशी. अशी त्याची वही आता भरत आलीय आणि तेच त्याचं दुसरं पुस्तक आहे.

बोलीबद्दलही लिहायचं आहे. आमच्याकडे "काय करायलास?" म्हणतात, "कामून?" म्हणतात. आधी मी त्याला दर वाक्याला अडवायची, "करतोस म्हण, का म्हण." त्याचा परिणाम असा झाला, की तो गोष्ट सांगायचाच थांबला. मग अडवणं सोडलं. काही महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला, "पुस्तकातली माणसं 'करतोस' म्हणतात, आपण 'करायलास' म्हणतो." दोन्ही त्याला कळतंय. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण तूर निवडता निवडता त्या ओव्या म्हणतात आणि नातू शेजारी बसून ऐकतो. कोनाडा, दावण, कणगी हे शब्द त्याला त्यांच्याकडून मिळाले. संत जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. त्यांच्या गावात लेकराला बोलीची लाज वाटायला लावणं मला आता पाप वाटतं.

शाळेत घालू नका, असं मी कुणाला सांगत नाही. तिसरीला त्याला गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचा आमचा विचार आहे. शिक्षण हक्क कायद्याने वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, हे ज्यांची लेकरं मध्येच घरी राहिली त्या आईबापांनी लक्षात ठेवावं. त्याचं लिहिणं अजून सावकाश आहे, हेही खरं आहे. पाच ओळी लिहायला त्याला वेळ लागतो. मला त्याची घाई नाही.

माझी खरी तळमळ वेगळ्या लेकरांसाठी आहे. आमच्या शेजारची एक जोडी दरवर्षी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जाते. दिवाळीनंतर कोयता निघाला, म्हणजे तोडणीची माणसं गावाबाहेर पडली, की लेकरू एक तर हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहतं, नाहीतर आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, जातं. यंदा त्यांनी पोरीला सोबत नेलं. जायच्या आदल्या दिवशी ती माय माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला तर वाचता येईना. हिचं वर्ष वाया जाईल का?" मी तिला एक पुस्तक आणि एक पाटी दिली. म्हटलं, "रात्री भाकरी करताना तिला मोठ्यानं वाचायला लावा. तुम्हाला वाचता आलं नाही तरी ऐकता येतं. मग तुम्ही एक गोष्ट सांगा आणि तिला परत सांगायला लावा." पंधरा दिवसांनी फोन आला. पोरीने कारखान्याच्या फाटकावरचं नाव वाचून दाखवलं होतं. ती माय फोनवर रडत होती.

या घरांमध्ये सहा पुस्तकं कधीच पोचणार नाहीत. पण एक पान पोचू शकतं, म्हणून आपल्याला विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत लहान लेकरांसाठी आठ-दहा ओळींची एक गोष्ट मोठ्या टायपात छापावी. सुरुवातीला जोडाक्षरं नसलेली, वाक्यं छोटी, शब्द आपल्या मराठवाड्यातले. खाली प्रश्न नकोत, रिकाम्या जागा भरा नको. गोष्टींची अडचण पडली तर कळवा. सासूबाईंकडे भरपूर आहेत, त्या सांगतील तशा मी लिहून दूधवाल्याच्या हाती पाठवीन.

आपली,
एक आई
ता. गंगाखेड, जि. परभणी