50 चा रोलर की 63 चा?

कोल्हापूर,
14 डिसेंबर

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे वहिनींच्या फोनवरून कळले. माझी साखर आटोक्यात आहे आणि इकडे सर्व क्षेम आहे. जे लिहायला बसलो आहे ते फोनवर सांगण्यासारखे नाही, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून त्याचा उपयोगही नाही. आप्पांचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब गळू लागला आहे.

दिवाळीनंतर काकूंनी बोलावून घेतले. मधल्या धुराच्या नळकांड्याचा उभा जोड तळापासून वीतभर उकलला आहे आणि बाहेरचे अंगही बुडाजवळ इतके झिजले आहे की अंगठ्याने दाबले तर पत्रा आत जातो. मुलांनी न्हाणीघरात गिझर बसवून दिलेला आहे, पण काकूंचे म्हणणे असे की गिझरचे पाणी अंगाला लागत नाही. त्यांनी मला फक्त एवढेच विचारले, "तुम्ही दोघे असताना हा बंब मी कोणाकडे देऊ?" त्या बंबाच्या पाण्याने आपण दोघांनी किती थंड्या काढल्या, हे तुला मी सांगायला नको.

तू लगेच म्हणशील की पुण्याला तांबट आळीत जाऊन नवा बंब आणून दे. तो विचार मीही करून पाहिला. परंतु त्याचे झाकण, तोटी आणि तिन्ही पाय आप्पांनी स्वतः ओतलेले आहेत आणि ते आजही ठणठणीत आहेत. तेव्हा अंग आणि नळकांडे एवढेच नवीन करायचे आणि बाकी सारे जुनेच बसवायचे, असे मी काकूंना सांगून आलो. आता 300 मिलिमीटर व्यासाचे आणि 550 उंचीचे अंग नुसत्या हाताने वाकवणे माझ्या वयाला झेपणारे नाही. आप्पांच्या कारखान्यातला रोलर शेड विकली तेव्हाच भंगारात गेला. त्या प्रकरणावर पुन्हा लिहून तुझे ब्लडप्रेशर वाढवत नाही. म्हणून घरामागच्या शेडमध्ये मी स्वतःच पत्रा वाकवण्याचा रोलर बांधला आहे.

रचना आप्पांच्या मशीनचीच ठेवली आहे. समोर पत्रा पकडणारे वरखाली दोन रोलर आणि मागे वर चढून वाक देणारा तिसरा. पिरॅमिड पद्धत, म्हणजे खाली दोन आणि त्यांच्या मधोमध वर एक रोलर, घेतली असती तर बांधणी सोपी झाली असती, पण तिच्यात पत्र्याच्या दोन्ही टोकांना सपाट पट्टी राहते आणि ती आधी ठोकून वाकवावी लागते. त्या सपाट पट्टीवरून आपले जे भांडण झाले होते ते तुझ्या लक्षात असेल. त्या दिवशी तू डबा न खाता घरी गेलास आणि तुझ्या डब्यातली भरली वांगी मी खाल्ली, हे मात्र तुला आजवर ठाऊक नसावे. पकडीच्या पद्धतीत आधी एक टोक वाकवून घ्यायचे, मग पत्रा फिरवून दुसऱ्या टोकाकडून घालायचा, म्हणजे सपाट भाग नावापुरता उरतो.

तिन्ही रोलर ईएन-8 पोलादाच्या बारमधून 50 मिलिमीटरला काढले आहेत. कामाची लांबी 620 आणि टोकाच्या गळ्यांसह एकूण 780, म्हणजे माझ्या सहा फुटी लेथवर दोन सेंटरमध्ये आरामात बसणारी. टेलस्टॉक, म्हणजे लेथचे सरकते टोक, आधी टेस्ट बारवर डायल फिरवून जुळवून घेतला, कारण रोलरच टेपर निघाला तर नळकांडे सरळ न येता नरसाळ्यासारखे निघते. बाजूच्या दोन्ही प्लेटी 20 मिलिमीटरच्या आहेत. त्या एकमेकींवर क्लॅम्प करून एकाच सेटिंगमध्ये बोअर केल्या, त्यामुळे भोके समोरासमोर आहेत. आत गनमेटलचे बुश आहेत आणि प्रत्येकाला तेलाचे भोक ठेवले आहे. वरच्या रोलरची उजवीकडची बेअरिंग वरून उघडते. खिटी काढली की रोलर उचलायचा आणि पूर्ण वळलेले नळकांडे त्याच्यावरून बाहेर ओढून घ्यायचे.

गिअर पाहून तू खूश होशील. 3 मोड्यूल (दाताचे माप), 17 दाते, म्हणजे पिच व्यास, दात एकमेकांत बसतात तिथला, 51. रोलर 50 चे असल्याने मध्ये 1 मिलिमीटरचा पत्रा असताना दोन्ही गिअर अगदी बरोबर अंतरावर येतात. पत्रा थोडा जाड वा पातळ असला तरी दात पावणेसात मिलिमीटर खोल असल्याने पकड सुटत नाही. तू साखळी लावण्याचा आग्रह धरला असतास, हे मला माहीत आहे. साखळीने वरखालचे दोन रोलर उलट दिशांना फिरवायचे तर मध्ये आणखी एक चाक घालावे लागते. यावर तुझे उत्तर मला पत्राने नको, समोरासमोर हवे.

तांबे महाग म्हणून पहिली चाचणी लोखंडी पत्र्यावर घेतली. 18 गेजचा, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटरचा पत्रा, 946 लांब आणि 550 रुंद कापला. आतला व्यास 300 हवा तर पत्र्याच्या जाडीचा मध्य धरून 301.2 ला 3.1416 ने गुणायचे, हे आप्पांनी आपल्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतलेले सूत्र अजून चालते. पत्र्याची कड गुण्यात धरून आत घातली आणि हँडल फिरवू लागलो. प्रत्येक फेरीला मागचा रोलर दोन्ही बाजूंनी सारखाच पाव फेरा चढवत गेलो. पत्र्यावरची काळी खपली तडकून रोलरच्या तेलात चिकटत होती आणि मागून निघणारी कड हळूहळू वर उचलत माझ्या हाताकडे परत येत होती. दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या तेव्हा मला तुझी फार आठवण झाली.

नळकांडे उतरवून उजेडात धरले तेव्हा मात्र जोड दोन्ही टोकांना चिकटलेला आणि मध्यावर करंगळी जाईल एवढी फट. पोट सुटले होते, ढोलकीसारखे.

कारण तुला सांगायला नको, पण मी हिशेब केला आहे तो तू तपासून पाहा. 1.2 चा पत्रा 550 रुंदीत कायमचा वाकवायचा तर वरच्या रोलरवर अंदाजे पावणेतीनशे किलोचा भार येतो. एवढ्या भाराने 50 चा रोलर मध्यावर सुमारे 0.13 मिलिमीटर लवतो. टोकांचे बारीक गळे मी धरलेलेच नाहीत. खालचे त्याच्या उलट दिशेला लवतात, म्हणजे मध्यावर पाव मिलिमीटरचा फरक. पाव मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण वाक देणाऱ्या रोलरपर्यंतचे अंतर जेमतेम 45 असल्याने तेवढ्यानेच 300 च्या व्यासात दहा-अकरा मिलिमीटरची वाढ होते.

सरळ उपाय म्हणजे वरचा रोलर जाड करणे. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून 63 चा रोलर अडीच पट ताठ होईल आणि लवणे 0.05 वर येईल. बार मिळतो, लेथ आहे, 21 दात्यांचे गिअरही कापता येतील. शेजारच्या वर्कशॉपमधले सगळे हेच सांगतात आणि माझा प्रश्न काय आहे ते त्यांच्या लक्षातच येत नाही, कारण त्यांनी हा बंब उघडून पाहिलेला नाही. आपण पाहिला आहे. त्याच्या पोटातले धुराचे नळकांडे 100 व्यासाचे आहे.

रोलरच्या व्यासाच्या दीडपटीहून लहान गोल या मशीनवर नीट येत नाही. 50 च्या रोलरवर 75 पर्यंत जाता येते, 63 च्या रोलरवर 95 ला थांबावे लागते. आता तू म्हणशील की 95 हे 100 पेक्षा कमीच आहे. परंतु तांबे उलटते, सदा. त्याचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असल्याने कडक पत्रा रोलरातून सुटला की बराच उघडतो. माझ्या हिशेबाने 100 चे नळकांडे हातात यायचे असेल तर रोलरात असताना ते 80 ला वाकवावे लागेल, आणि 300 च्या अंगासाठी पावणेदोनशेला. पत्रा तापवून मऊ करून घेतला तरी 100 साठी 93 पर्यंत जावे लागते, म्हणजे 63 चा रोलर दोन मिलिमीटरने हुकतो. अंगासाठी जाड रोलर हवा आणि नळकांड्यासाठी बारीक, आणि मशीन तर एकच. वरच्या रोलरला वरून टेकू देता येत नाही, कारण पत्रा त्याच्याभोवतीच गुंडाळला जातो. या विचारात मी रात्री उठून दिवा लावतो आणि वहीत आकडे लिहीत बसतो. घरात याला वेड म्हणतात.

नळकांडे रोलरवर करायचेच कशाला, पाइपावर धरून लाकडी हातोडीने ठोक, हे तुझे म्हणणे मला इथे ऐकू येते आहे. ते चूक नाही. पण ठोकलेल्या नळकांड्याचा जोड साडेपाचशे लांबीत केसभरही न हलता बसेल याची मला खात्री वाटत नाही. झाळ देताना फट कुठे रुंद, कुठे अरुंद असली की पितळ भलतीकडेच धावते आणि पुन्हा तिथूनच गळती सुरू होते. आत विस्तव आणि बाहेर पाणी अशा जागी मला तो धोका घ्यायचा नाही. काकूंनी हा बंब पुन्हा कोणाला दाखवावा लागू नये, एवढी माझी इच्छा आहे.

म्हणून वरचा रोलर 50 चाच ठेवायचा, इथपर्यंत मी आलो आहे. पुढे तीन वाटा आहेत. मागच्या रोलरलाच मध्यावर पोट ठेवून कातायचे, ही पहिली. टेलस्टॉक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक सरकवला की मध्यापासून दोन्हीकडे हवा तेवढा उतार मिळतो. पण ते पोट एकाच जाडीच्या पत्र्याला लागू पडते. उद्या पातळ पत्रा घातला तर मधोमध कंबर पडून डमरू निघेल, आणि मला हे मशीन एका बंबापुरते नको आहे. दुसरी वाट आप्पांची. मध्यावर कागदाच्या पट्ट्या घालून पत्रा काढायचा, काम झाले की कागद फेकून द्यायचा. आप्पा त्यासाठी शनिवारची पुरवणी राखून ठेवत आणि तू ती आधी वाचायला मागत असस, त्यावरून तुला बसलेल्या शिव्या मला तोंडपाठ आहेत. लोखंडी पत्र्यावर मी हे करून पाहिले आणि फट पुष्कळ मिटली, पण कागद चेपत जातो, त्यामुळे दर फेरीला हिशेब बदलतो. लोखंडावर पुन्हा पुन्हा करून पाहता येते. तांब्याचा नुसत्या अंगाचा पत्रा साडेपाच किलोचा आहे, आणि एकदा चुकीचा वाकलेला तांब्याचा पत्रा सपाट केला तरी त्याच्या अंगावरचे वळ जात नाहीत.

तिसरी वाट मला मनातून सर्वांत पसंत आहे, पण ती माझ्या हातात नाही. अंगाचा पत्रा वाकवण्यापूर्वीच तापवून मऊ केला तर भार एक तृतीयांशावर येतो, रोलरचे लवणे 0.04 वर जाते आणि पोटाचा प्रश्नच उरत नाही. नळकांड्याचा पत्रा जेमतेम 318 रुंद आहे, तो मी माझ्या भट्टीवर टप्प्याटप्प्याने लाल करून पाण्यात विझवू शकतो. पण 946 बाय 550 चा पत्रा घरच्या भट्टीवर सारखा तापत नाही. तो एकीकडे मऊ, एकीकडे कडक राहतो आणि शिवाय पापडासारखा वाकडा होतो. त्याला मोठी भट्टी हवी. मऊ अंग पुढे जरा आपटले तरी खोचते हे खरे, पण त्यावरही उपाय आहे. वळवून झाल्यावर मठारले, म्हणजे हातोडीने बारीक ठोके देत गेले, की तांबे पुन्हा कडक होते, आणि मठारकाम आपल्या दोघांत कोणाला येते हे आप्पांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. त्यावर मी तेव्हाही वाद घातला नव्हता.

तुझ्या नातीला दहावीत चांगले गुण मिळाल्याचे कळले, तिला माझे आशीर्वाद सांग. चिरंजीवाच्या नव्या घराचे फोटो पाहिले, हवेशीर वाटते. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस.

आता काम. तुझ्या पुतण्याच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचे दार किती रुंद आहे, ते टेप लावून मोजून कळव. 550 आत जात असेल तर पत्रा उभा टांगता येईल का आणि बाहेर काढल्यावर विझवायला तेवढी लांब टाकी आहे का, हेही विचार. अंदाजाने सांगू नकोस, मोजूनच सांग. दार लहान असेल तर मी कागदाच्या पट्ट्यांऐवजी मागच्या रोलरवर पितळी शिम, म्हणजे पातळ पट्टी, गुंडाळून पाहीन, ते चेपणार नाही. पण ती चाचणी तुझ्यासमोर करीन, एकट्याने तांब्याला हात लावणार नाही. डॉक्टरांनी प्रवासाची मोकळीक दिली की संक्रांतीनंतर चार दिवस राहायला ये. वरच्या मजल्यावर चढावे लागणार नाही, खालची खोली रिकामी करून ठेवली आहे. येताना मठारायची हातोडी आण, तीच, बाभळीच्या दांड्याची. काकूंना मी तू येणार असल्याचे अजून सांगितलेले नाही, तुझे उत्तर आले की सांगेन.

तुझा,
वसंता